ग्राहकाची गरज शोधण्याचं 'पुढचं' प्रशिक्षण: काय बघून निवडायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत तुमची कंपनी धार काढायचं मशीन बनवते. दोन-चार जनावरांच्या गोठ्यासाठी, एका बादलीचं, चाकांवरचं. सुरुवातीला खप बरा झाला, मग थंडावला. विकलेली बरीच मशीन्स गोठ्यात पोतं टाकून ठेवलेली दिसतात, असं तुमची सर्व्हिसची पोरं सांगतात. डीलरमार्फत सर्व्हे केलात, तर बहुतेकांनी 'किंमत कमी करा' एवढंच लिहून दिलं. डिझाइन थिंकिंगची, म्हणजे ग्राहकाच्या अडचणीपासून सुरुवात करून उत्पादन रचायच्या रीतीची, दोन दिवसांची कार्यशाळा तुमची झाली आहे. मालक आता पुढच्या प्रशिक्षणाला पैसे द्यायला तयार आहेत, आणि ते कसलं घ्यावं, कुणी घ्यावं, त्यातून नवं उत्पादन खरंच निघतं का, हे तुम्हाला विचारायचंय.

माझं मत सांगून टाकतो. 'ॲडव्हान्स्ड' म्हणून जे विकलं जातं, त्यात बऱ्याचदा पहिल्या कार्यशाळेतलाच माल वाढवून दिलेला असतो: आणखी चार तक्ते, भरायचे आणखी दोन छापील आराखडे ('कॅनव्हास'), भिंतभर रंगीत चिठ्ठ्या. त्यावर पैसे घालू नका. या कामात खरा कस लागतो तो मुलाखत संपल्यावर. तासाभराचं बोलणं कागदावर उतरवून समोर पडलंय. त्यातून तुमच्या डिझाइनच्या माणसाला कामाला लागता येईल अशी गरज बाहेर कशी काढायची, आणि काढलेल्या शंभर गरजांपैकी कुठल्या तिनांवर पैसे लावायचे, हे जिथे हाताने करून घेतात ते पुढचं प्रशिक्षण. बाकीची उजळणी.

हे मत माझ्या एकट्याचं नाही. ॲबी ग्रिफिन आणि जॉन हाउजर यांनी 1993 मध्ये 'मार्केटिंग सायन्स' या नियतकालिकात ग्राहकाच्या गरजा गोळा करण्याच्या पद्धतींवर एक अभ्यास छापला. त्यातला एक आकडा प्रत्येक प्रशिक्षक सांगतो: एकाच प्रकारच्या ग्राहकांच्या 20 ते 30 सविस्तर मुलाखती घेतल्या की 90 टक्क्यांच्या आसपास गरजा हाती लागतात. दुसरी गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. त्याच मुलाखतींचे कागद वेगवेगळ्या लोकांना वाचायला दिले, तेव्हा एकट्या वाचणाऱ्याला सरासरी निम्म्याच्या आसपासच गरजा सापडल्या. तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला यातून कळतं ते एवढंच, की मुलाखतींची संख्या वाढवण्याआधी त्या वाचणारी डोकी वाढवा. आपल्याकडे उलटं चालतं. चाळीस ठिकाणी माणूस फिरवतात आणि रिपोर्ट मात्र एकटा बसून रात्री लिहितो.

आता तुमच्या सर्व्हेकडे येऊ. मशीन घेऊन झालंय, पैसे देऊन झालेत, आणि तरी ते पोत्याखाली आहे. अशा घरात किंमत हे न वापरण्याचं कारण असूच शकत नाही, पैसे तर कधीच गेले. 'किंमत कमी करा' हे उत्तर आलं, कारण फॉर्म भरून देणारा माणूस खरेदी करणारा होता, धार काढणारा नव्हता. करवीर, कागल, राधानगरी, कुठेही जा, गावच्या दूध संस्थेत खातं बहुधा घरच्या कर्त्या पुरुषाच्या नावावर असतं, डीलरशी बोलणं त्याचंच होतं, आणि पहाटे म्हशीखाली बसते ती घरातली बाई. तिला कुणी विचारलंच नाही. म्हणून प्रशिक्षणाआधीच एक काम करून ठेवा. विकत घेणारा, वापरणारी आणि दुरुस्त करणारा, या तिघांच्या याद्या वेगळ्या करा. तिघांच्या गरजा एकाच गोणीत भरल्या की मग कुणाचंच धड ऐकू येत नाही.

एका जुन्या कामातला, ओळख पुसलेला तुकडा देतो. करवीर तालुक्यातल्या एका वहिनी बोलतायत:

"मशीन चांगलंय वो, नाव ठिवायला जागा न्हाई. पर ते धुवायचं कुणी? त्या नळ्या, ते रबर, ती बादली. तेवढ्यात माझी एका म्हशीची धार हातानं काढून हुतीया. तिकडं संस्था बंद व्हायची येळ. आनि म्हस त्या आवाजानं बावरती, पान्हाच चोरती. मग आमचं हे म्हणत्यात, ऱ्हाऊ दे, हातानंच काढ."

दोन दिवसांची कार्यशाळा केलेला माणूस यातून तीन चिठ्ठ्या लिहितो: 'धुण्याचा त्रास', 'आवाज कमी करा', 'ऑटोमॅटिक वॉशिंग द्या'. पहिली नुसती तक्रार आहे. उरलेल्या दोन उपाय आहेत, आणि त्यातला शेवटचा तर वहिनींच्या तोंडचाही नाही, लिहिणाऱ्याच्या डोक्यातला आहे. या चिठ्ठ्या डिझाइनच्या टेबलावर गेल्या की सायलेन्सरचं कोटेशन मागवलं जातं, मशीनची किंमत वाढते, आणि पोतं तिथेच राहतं.

तोच तुकडा मुरलेला माणूस वेगळा उतरवतो. धार संपल्यापासून भांडी-साधनं पुढच्या धारेसाठी स्वच्छ तयार होईपर्यंतचा वेळ कमी व्हावा. दूध संस्थेत पोहोचायला उशीर होण्याचा धोका कमी व्हावा. धार सुरू करताना म्हैस पान्हा चोरण्याचे प्रसंग कमी व्हावेत. आणि चौथी, जी बहुतेकांच्या नजरेतून सुटते, कारण ती शेवटच्या वाक्यात नवऱ्याच्या तोंडून आली आहे: धार मध्येच अडली, तर ती दुसऱ्या पद्धतीने पुरी करायला लागणारा वेळ कमी व्हावा.

या चारही वाक्यांत 'मशीन' कुठे आलेलं नाही, हे बघा. ही वाक्यं हाताने धार काढणाऱ्या बाईलाही लागू पडतात आणि उद्या कुणी वेगळंच यंत्र आणलं तरी लागू राहतील. प्रत्येकात काहीतरी मोजता येतं: वेळ, धोका, प्रसंग. आणि वाक्य वहिनींना वाचून दाखवलं, तर "व्हय, त्येच म्हणत्ये मी" असं उत्तर यायला हवं. वाक्य या कसोट्यांवर घासून बघायला शिकायला वेळ लागतो. पहिल्या दिवशी दहा वाक्यं लिहिली की आठ परत येतात. प्रशिक्षकाने ती लाल पेनने परत केली पाहिजेत. गटाने लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला 'व्हेरी गुड' म्हणणारा प्रशिक्षक तुमच्या उपयोगाचा नाही.

तिसऱ्या वाक्यापाशी जरा थांबतो, कारण विषयाची माहिती नसेल तर मुलाखतीचं तंत्र कितीही घोटवलं तरी पांगळं राहतं. म्हशीच्या कासेत धारेआधी सहज काढता येण्यासारखं साठलेलं दूध साधारण 5 टक्केच असतं. गाईत ते 20 टक्क्यांच्या आसपास जातं. म्हशीचं जवळपास सगळं दूध पान्हा सुटल्याशिवाय हाती येतच नाही, आणि पान्हा सुटायला तिला गाईपेक्षा वेळही जास्त लागतो. घाबरली, नवा माणूस दिसला, नेहमीची बाई नसली, की आखडून धरते. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर ग्लास हातात घेऊन उभं राहिलेल्या कोल्हापूरकराला हे सांगावं लागत नाही. पण मशीनचं मूळ डिझाइन परदेशातल्या गाईंच्या गोठ्यावरून आलेलं असलं, तर ते डिझाइनमध्ये कुठे उतरलंय ते तपासावं लागतं. पान्हा सुटायच्या आधी मशीनचे कप सडांना लावले, तर व्हॅक्यूम रिकाम्या सडावर ओढत राहतो. सड दुखतात, म्हैस लाथ मारते, आणि घरचे म्हणतात, "आवाजानं बिथरली." आवाज हे त्यांनी लावलेलं कारण. ते खरंही असेल, पण ते पडताळायचं असतं. पंप गोठ्याबाहेर ठेवून लांब नळीने एक आठवडा चालवा, किंवा आंबोण घालतानाच पंप सुरू ठेवून आठवडाभर तिला सवय लावा. दोन्हींत पान्हा चोरणं तसंच राहिलं, तर आवाजाचा नाद सोडा आणि कप लावायच्या वेळेकडे बघा. चांगल्या गरजेच्या वाक्याचा फायदा हाच, की उपायाची दारं ते उघडी ठेवतं.

निरीक्षणाबद्दलही याच ओघात. ग्राहकाच्या जागी जाऊन काम चालू असताना बघणं-विचारणं ही पद्धत ह्यू बायर आणि कॅरन हॉल्टझब्लाट यांनी सॉफ्टवेअरच्या कामात नीट बांधली. ती गोठ्यात तशीच्या तशी चालत नाही. ऑफिसातला क्लार्क तुम्ही शेजारी बसल्याने काम थांबवत नाही, म्हैस थांबवते. पहिल्या दिवशी फक्त जाऊन बसायचं. वही नाही, मोबाइल नाही, जनावराच्या समोर नाही. प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत. आणि धार चालू असताना बोलायचं नाही, संस्थेतून परत आल्यावर चहाला बसल्यावर विचारायचं. "तुम्हाला काय हवंय?" हा प्रश्न तर विचारायचाच नाही. "काल सकाळी काय झालं ते उठल्यापासून सांगा" असं म्हणा. घडलेला एक नेमका प्रसंग मागायची ही रीत जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये लिहून ठेवली, मूळ कामाचा धागा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानदलापर्यंत जातो, आणि आजही तिच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं साधन मला दिसलेलं नाही. 'सर्वसाधारणपणे' विचारलं की लोक सर्वसाधारणपणे खोटं बोलतात, तेही चांगल्या मनाने.

ज्यांनी मशीन घेतलं आणि बंद केलं, त्यांच्याशी बोलायची एक वेगळी धाटणी आहे, बॉब मोएस्टा यांच्या नावाने ओळखली जाणारी. माणूस जुनं सोडून नव्याकडे का वळला, ते चार बाजूंनी बघायचं: जुन्यातला जाच, नव्याची ओढ, नव्याची धास्ती आणि जुनी सवय. तुमच्या डीलरच्या सगळ्या बोलण्यात पहिल्या दोनच गोष्टी असतात. पोत्याखालचं मशीन हे उरलेल्या दोन गोष्टींचं काम. 'कास बिघडेल', 'म्हैस आटेल', 'लाइट गेली तर?' ही धास्ती विक्रीच्या दिवशी कुणी बोलून दाखवत नाही, कारण त्या दिवशी डेमोला वीस माणसं जमलेली असतात. शाहूवाडी-राधानगरीच्या वरच्या अंगाला पावसाळ्यात ऐन धारेच्या वेळी वीज गेली, तर लावलेले कप काढून पुन्हा हाताने बसायचं म्हणजे काय, हे एकदा जाऊन बघा. मग चौथं वाक्य एवढं महत्त्वाचं का, ते सांगावं लागणार नाही.

आता आकड्यांचा भाग. टोनी उलविक यांची गरजांना गुण द्यायची पद्धत बऱ्याच प्रशिक्षणांत शिकवतात आणि ती शिकावीच. गरजेची वाक्यं तयार झाली की ग्राहकांना प्रत्येकाबद्दल दोन प्रश्न: हे तुमच्यासाठी किती महत्त्वाचं, आणि आज ते किती समाधानकारक होतंय? 1 ते 5 मध्ये उत्तर. किती टक्के लोकांनी 4 किंवा 5 दिले, ते दहाच्या मापात आणायचं. मग महत्त्व अधिक, महत्त्व वजा समाधान (वजाबाकी शून्याखाली गेली तर शून्य धरायची). समजा, साधनं तयार होण्याच्या वेळेला महत्त्व 9.1 आणि समाधान 3.4 आलं: 9.1 अधिक 5.7, म्हणजे 14.8. खरेदीचा खर्च कमी व्हावा याला महत्त्व 8.0, समाधान 6.5: गुण 9.5. हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतलेत, तुमच्या गोठ्यांचे नाहीत. साधारण 10 च्या वर गेलं की लक्ष द्यावं, 15 च्या वर गेलं की मोठी संधी, असा ढोबळ नियम आहे.

या सूत्रावर माझा आंधळा विश्वास नाही. महत्त्व त्यात दोनदा मोजलं जातं, आणि 9.5 आणि 10.2 मधला फरक गणिताला दिसतो तेवढा खरा नसतो. क्रम लावायची चाळणी म्हणून वापरा, निकाल म्हणून नको. आणि सरासरी काढण्याआधी माणसं वेगळी करा. एक म्हैस असलेल्या आणि दहा जनावरं असलेल्या घराची सरासरी काढलीत, तर जे घर कुठेच नाही त्याच्यासाठी मशीन बनेल. महत्त्व विचारलं की सगळं 5 असं लिहून देणारे भरपूर भेटतात. तिथे चार-चार वाक्यं समोर ठेवून 'यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात किरकोळ निवडा' असं विचारणारी मॅक्सडिफची पद्धत जास्त बरी पडते. अक्षरओळख नसलेल्या आजींनाही चित्रांच्या चार चिठ्ठ्यांतून निवड करता येते, पाच आकड्यांच्या पट्टीवर त्या अडतात.

नोरिआकी कानो यांचं 1984 चं मॉडेल प्रत्येक अभ्यासक्रमात असतं, असू द्या. 'असायलाच हवं' आणि 'असलं तर आनंद' हे वेगळं करायला ते चांगलं आहे. तुमच्या अडचणीवर त्याचा भार कमी आहे, एका दुपारीत आटपा.

एक साधन मात्र कोल्हापूर शहरातच पडून आहे आणि कुणी वापरत नाही. एरिक फॉन हिपेल यांनी 1986 मध्ये 'लीड युजर' ही कल्पना मांडली: काही ग्राहकांना गरज इतरांच्या आधी आणि जास्त तीव्रतेने जाणवते, आणि ते वाट न बघता स्वतःच काहीतरी जुळवून घेतात. असे लोक शोधायला मोठी फी मोजतात. तुम्ही शिवाजी उद्यमनगरात, शहरातल्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत, जा, लेथवाल्यांकडे आणि वेल्डिंगवाल्यांकडे चौकशी करा: धार काढायच्या मशीनचं काय काय बदलून घ्यायला लोक येतात? कुणी बादलीला वेगळं हँडल लावलं, कुणी पंप ट्रॅक्टरवर चालवायची जोडणी करून घेतली, कुणी नळ्या टांगायला लोखंडी आकडा केला. बदल करून घेण्यासाठी माणसाने स्वतःच्या खिशातून पैसे दिलेत, त्याहून पक्का पुरावा सर्व्हेत मिळत नाही. तसंच तुमच्या सर्व्हिस विभागाच्या वहीत वॉरंटीबाहेरची जी कामं 'किरकोळ' म्हणून लिहिली जातात, ती पानं प्रशिक्षणाला जाताना बरोबर न्या.

प्रशिक्षण निवडताना प्रशिक्षकाला काय विचाराल? एक, आमच्याच उत्पादनावर, आमच्याच ग्राहकांच्या मुलाखतींवर काम करून घ्याल का? बँकेच्या ॲपचं किंवा कॉफीच्या दुकानाचं तयार उदाहरण घेणार असतील, तर ते तुम्हाला व्हिडिओवरही मिळेल. दोन, मुलाखतींचा शब्दशः मजकूर मराठीतच वाचाल का? हा माझा आग्रहाचा मुद्दा. वरच्या वहिनींचं बोलणं इंग्रजीत गेलं की 'क्लीनिंग इज डिफिकल्ट' एवढंच उरतं आणि संस्थेची वेळ गळून पडते. प्रशिक्षक पुण्याचा-मुंबईचा असू दे, पण गोठ्यातली बोली त्याला किंवा त्याच्या सहकाऱ्याला कळली पाहिजे. तीन, तुमच्या आधीच्या गटांपैकी कुणी एखादं उत्पादन या गरजांवरून बदललं किंवा थांबवलं का? थांबवलं असेल तर जास्त चांगलं, बोलायला लावा.

सलग पाच दिवसांचं निवासी शिबिर नको. दोन दिवस वर्ग, मग तीन आठवडे गोठ्यांवर, मग दोन दिवस फक्त वाचन आणि वाक्यं लिहिणं, मग सर्व्हे, मग शेवटचे दोन दिवस निवड. असं आठ-दहा आठवड्यांत पसरलेलं बघा. वेळही जनावराच्या हिशोबाने धरा. म्हशी बहुतेक पावसाळा सरताना व्यायला लागतात, म्हणून दुधाच्या पुष्टकाळात, हिवाळ्याकडे, काम ठेवा. कृशकाळात अर्धे गोठे भाकड म्हशींचे, तिथे काय बघणार.

मोठ्या संस्थांचं म्हणाल, तर एनपीडीपी ही पीडीएमए या उत्पादन विकासातल्या व्यावसायिकांच्या संघटनेची प्रमाणपत्र परीक्षा आहे. तिचा आवाका सगळ्या प्रक्रियेचा, गरजशोध त्यातला एक तुकडा. नोकरी बदलायची असेल तर उपयोगी, तुमच्या मशीनला थेट नाही. त्यापेक्षा स्टॅनफर्डची बायोडिझाइन पद्धत अभ्यासा, जरी ती वैद्यकीय उपकरणांची असली तरी. तिथले फेलो (प्रशिक्षणार्थी) उपाय सुचवण्याआधी दवाखान्यांत आठवडेच्या आठवडे नुसतं बघतात, शेकडो गरजा टिपतात आणि गाळत गाळत एक-दोनवर येतात. गरज लिहिताना अडचण, ती कुणाची, आणि काय साधल्यावर सुटली म्हणायची, हे तिन्ही एका वाक्यात बांधतात. गोठ्याला हे चपखल बसतं.

पाठवायचं कुणाला? मार्केटिंगच्या एकट्या माणसाला मुळीच नको. तिघे पाठवा: डिझाइनचा, सर्व्हिसचा आणि तुम्ही. सर्व्हिसच्या पोराला गावं माहीत असतात आणि लोक त्याच्याशी मोकळं बोलतात. त्याला फक्त एक सवय मोडायला लावायची, तक्रार ऐकताच पाना काढायची. त्याने गप्प बसून ऐकणं हेच त्याचं अर्धं प्रशिक्षण. आणि मुलाखत घेणाऱ्यांत एक बाई हवीच. वर सांगितलेली वहिनी कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या पुरुषापुढे, सासऱ्यांच्या देखत, एवढं बोलली नसती. कंपनीत कुणी नसेल तर शिवाजी विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातल्या एखाद्या विद्यार्थिनीला मानधनावर घ्या, मुलाखतीची शिस्त तिला आधीच असते.

रेकॉर्डिंगची परवानगी तोंडी विचारा आणि ती परवानगीही रेकॉर्डमध्ये येऊ द्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये मंजूर झालाय. नाव, गाव, फोन नंबर मजकुरातून काढून वेगळ्या कागदावर ठेवायची सवय आत्ताच लागलेली बरी.

नवं उत्पादन निघतं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. निघतं, पण कधीकधी ते मशीन नसतं. साधनं तयार होण्याचा वेळ ही गरज पहिली आली, तर तुमचं उत्तर कमी सांध्यांच्या नळ्या असतील, धुण्याचा लोखंडी स्टँड असेल, किंवा गावातल्या पाच घरांच्या मशीनचे रबर लायनर (कपांच्या आतलं रबर) वेळेवर बदलून देणारी वर्षाची सेवा असेल. मालकांना हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर दहा आठवड्यांनी ते 'नवीन मॉडेल कुठाय' विचारतील आणि तुमच्याकडे स्टँडचं ड्रॉइंग असेल. मान्य असेल, तर फी भरण्याआधीच सर्व्हिस विभागाकडून वापर बंद केलेल्या घरांची यादी मागवा, त्यातली पाच निवडा, प्रत्येकी एक मुलाखत घ्या, तिघांनी ती वेगवेगळी वाचा आणि आपापली वाक्यं लिहा. हे पाच कागद आणि तिघांच्या जुळत नसलेल्या याद्या प्रशिक्षकासमोर ठेवा. तो त्यावर अर्धा तास तुमच्याशी काय बोलतो, त्यावरून फी द्यायची की नाही ते ठरवा.